भुसावळच्या उन्हात 4 फुटी खाऱ्या पाण्याचा टँक, दिवाळी ते कानबाई (आपला खान्देशी श्रावणातला सण) वापरून झाल्यावर

माप आधी सांगून टाकतो, 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच 10 एमएम. हिशोबाने 255 लिटर होतात पण वाळू आणि लाईव्ह रॉक (उपयोगी जिवाणू बसलेले समुद्री दगड) टाकल्यावर खरं पाणी 210-220 च्या आसपास बसतं. दिवाळीनंतर भरला, सायकल व्हायला (म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू वाढायला) महिना-दीड महिना दिला, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच मासे आणले, तेही थंडीतच, मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात.

साईझ विचारली की सगळे म्हणतात आधी मासे ठरव. बरोबरच आहे, पण आपल्या खान्देशात त्याच्याही आधी मे महिना बघावा लागतो भो. बाहेर 44-45, खोलीत 38 आणि माशांना हवं 25 ते 27. जळगावला मित्राकडे 2 फुटी आहे, 2 बाय 1 बाय 1, म्हणजे जेमतेम 56 लिटर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसात लाईट गेली की त्याच्या पाण्याचं तापमान लगेच वर सरकायला लागायचं आणि तो बिचारा बर्फाच्या बाटल्या घेऊन उभा. माझ्याकडे तेवढंच चढायला अर्धी दुपार जायची, तोवर लाईट परत आलेली असायची. इन्व्हर्टरवर मी फक्त वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) ठेवलाय, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, हलत राहिलेलं बरं.

मे महिना पाण्यावर मारलेल्या छोट्या पंख्यांवरच निघाला, हवा कोरडी असल्याने पाणी 28 च्या वर फारसं गेलं नाही. पण उडतं किती! रोज पाच-सहा लिटर. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची, नाहीतर खारेपणाचा (घनतेचा) 1.025 चा काटा कधी वर गेला कळत पण नाही. बोअरचं पाणी तर अजिबात नको, आपल्याकडचं किती जड असतं ते गिझरच्या कॉईलला विचारा. खरी परीक्षा जूनमध्ये झाली. पावसाच्या आधीचे ते चिकट दिवस आले की घरातला कूलर नुसता दमट वारा फेकतो ना, तसेच हे पंखे पण निकामी होतात. तेव्हा चिलर (पाणी थंड करणारं मशीन) लावलाच, आणि बिल पण आलंच. त्यामुळे टँक घेतानाच चिलरचे पैसे बाजूला काढून ठेवा, ते जमत नसेल तर गोड्या पाण्याचेच मासे पाळा, त्यात कमीपणा काही नाही.

मासे म्हणाल तर क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक फायरफिश, बस. फायरफिश उड्या मारतो म्हणून वर जाळी पाहिजेच, पंख्यांमुळे काचेचं झाकण लावता येत नाही. दुकानदार डोरी गळ्यात मारत होता, "छोटीच तर आहे" म्हणे. डोरी म्हणजे ब्लू टँग, ती 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते, तिला 6 फुटीच लागतो. यलो टँग 20 सेंटिमीटरच्या आसपास, 4 फुटी ही तिची कमीत कमी जागा, म्हणून मी तिच्याही नादी लागलो नाही. आणि ते उंच षटकोनी टँक दिसतात भारी पण नका घेऊ, माशाला पोहायला लांबी लागते आणि हवा पाण्यात शिरते ती वरच्या पृष्ठभागातून, उंची नुसती लिटर वाढवते आणि तळ साफ करताना खांदा भरून येतो.

त्रास पण सांगतो. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे 20-22 लिटर, लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने पाऊण किलो मीठ, आणि ते टँकचं खास समुद्री मीठ (घरातलं नाही) इथे मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. आरओचं वाया जाणारं पाणी मी लादी पुसायला वापरतो. वजन सगळं मिळून साडेतीनशे किलोच्या घरात जातं, वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर बीमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा. लोखंडी स्टँडला खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी गंज धरलाय, परत घेतला तर लाकडाचा घेईन.

4 फुटाला जागाच नसेल तर 3 बाय दीड बाय दीड पण चालेल, 190 लिटर भरतं, क्लाऊनची जोडी आणि एखादा गोबी आरामात राहतात, फक्त उन्हाळ्यात जास्त लक्ष द्यावं लागेल. त्याच्या खाली मी तरी कोणाला घ्या म्हणणार नाही, निदान तापीच्या या पट्ट्यात तरी. 6 फुटी मोह मलाही होतो, पण तेवढं पाणी थंड करणारा चिलर आणि मिठाची पोती बघून घरचे मलाच बाहेर काढतील.