‘पूर्ण युरोप’वालं सिम स्वित्झर्लंडमध्ये बंद: पैसे देण्याआधी हे वाचा

ज्यांच्या युरोपच्या बेतात पॅरिसबरोबर स्वित्झर्लंड आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांच्या बेतात ते असतंच.

आई, मावशी आणि मी अशा तिघी टूर कंपनीशिवाय गेलो होतो. तिकिटं, नकाशे, मुक्कामाच्या घरांचे कोड, सगळं फोनवर. पुण्यात परदेशी सिम घरपोच देणाऱ्या एकाकडून तीन कार्डं घेतली, प्रत्येकी २,८०० रुपयांना. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली अशी नावं घेऊन त्याला विचारलं होतं. ‘मॅडम, पूर्ण युरोप चालतं, बिनधास्त जा,’ हे त्याचं उत्तर. पाकिटावर त्याच्या दुकानाचं मोठं स्टिकर: पूर्ण युरोप, ३० दिवस, अनलिमिटेड.

पॅरिसमध्ये नेट उत्तम चाललं. रेल्वेने बासेलला पोचलो आणि तिघींचंही नेट गेलं. फोन स्विस नेटवर्क पकडत होता, पण साधा मेसेज जाईना. ल्युसर्नला संध्याकाळ झाली. घरमालकीण दाराचा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार होती, तो मिळणार कसा? बॅगा घेऊन बंद दारासमोर उभ्या, त्यात मावशीचे गुडघे दुखत होते. जवळच्या एका कॅफेत फुकट वाय-फाय होतं, पण ते सुरू करायला मोबाइलवर एसएमएसने कोड येतो, आणि आमच्या भारतीय नंबरांवर रोमिंग चालू नव्हतं. शेवटी शेजारच्या हॉटेलातल्या रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्या वाय-फायचा पासवर्ड दिला. आम्ही त्यांच्याकडे उतरलोही नव्हतो. तिचे उपकार विसरणार नाही.

तिथूनच दुकानदाराला मेसेज केला. आधी म्हणाला, फोन बंद करून चालू करा. मग, डेटा रोमिंग ऑन करा. ते ऑनच होतं. मग खरं बाहेर आलं: ‘स्वित्झर्लंडला वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं, १,९०० टाका, ई-सिमचा क्यूआर पाठवतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी टिटलिसला जायचं होतं, नेट हवंच होतं. यूपीआयने पैसे गेले, क्यूआर आला, स्कॅन केला, तर फोनने सांगितलं की हा कोड आता वैध नाही. ई-सिम म्हणजे कार्डाशिवाय, क्यूआर स्कॅन करून फोनमध्ये बसवायचं सिम. त्याचा क्यूआर सहसा एकदाच, एकाच फोनवर बसतो. हा बहुधा आधीच कुणाच्या तरी फोनवर बसलेला असणार. मी हे कळवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

रात्री पाकिटावरचं ते स्टिकर नखाने खरवडून काढलं. खाली कंपनीने छापलेली देशांची यादी होती, फ्रेंचमध्ये, आद्याक्षरांप्रमाणे. शेवटचं नाव स्वीडनचं. फ्रेंच क्रमाने त्याच्या लगेच खाली स्वित्झर्लंड यायला हवं होतं, ते नव्हतं. आणि स्टिकर नेमकं त्या यादीवरच डकवलेलं. याला गैरसमज म्हणत नाहीत.

मुळात भानगड अशी आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग आकाराशिवाय वापरता येतं. त्यात संघाचे देश आणि नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन येतात. स्वित्झर्लंड संघात नाही, ब्रिटनही आता नाही. काही कंपन्या हे दोन्ही देश आपणहून देतात, काही देत नाहीत. म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता सिम ज्या कंपनीचं आहे तिच्या यादीत देशाचं नाव बघा. सिम कुठलं ते कार्डावरच्या लांबलचक नंबरावरून कळतं: सुरुवातीला ८९, पुढे देशाचा कोड. आमच्या कार्डांवर ८९३३ होतं, म्हणजे फ्रान्स. स्वित्झर्लंडचा कोड ४१.

सकाळी ल्युसर्नच्या दुकानात पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घेतलं आणि पुढचा प्रवास नीट झाला. तुमच्या भारतीय नंबरावर निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या, फक्त त्या सिमचा डेटा बंद ठेवा. ओटीपी त्यावरच येतात, आणि येणाऱ्या एसएमएसना आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. येणारे कॉल मात्र उचलू नका, त्यांचे पैसे पडतात.

परदेशी कंपनीचं सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे आणि क्यूआरच्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. स्टिकर काढण्याआधीचा आणि नंतरचा पाकिटाचा फोटो, यूपीआयची पावती आणि सगळं चॅट जोडलं आहे. असं स्टिकर मारलेलं पाकीट तुमच्याही हाती आलं असेल तर ते फेकू नका, तक्रारीला लागेल.