खचलेल्या टाचांसाठी खुरांचे बूट : तळ भक्कम, पट्टा कच्चा

घोडीच्या खुरांना घालायच्या या बुटांचा तळ अजून अर्धाही झिजलेला नाही, पण डाव्या बुटाचा वेल्क्रोचा पट्टा शिवणीतून उसवला. तो ‘झीज होणारा भाग’ असल्यामुळे हमीत बसत नाही, असे विक्रेत्याने कळवले. सुटा पट्टा मिळत नाही, नवी जोडी घ्या, हे त्यावरचे त्यांचे उत्तर. दोन बोटे रुंदीच्या पट्टीसाठी धडधाकट जोडी टाकून देणे माझ्या हिशेबात बसत नाही.

घोडीच्या पुढच्या दोन्ही खुरांची तक्रार नेहमीचीच होती: टोक लांबलेले आणि टाचा पुढे सरकून चेपलेल्या. खुराची पुढची भिंत आणि टाच बाजूने पाहता साधारण समांतर दिसायला हव्यात. टाचेचा कोन पुढच्या भिंतीच्या कोनापेक्षा 5 अंशांहून अधिक कमी भरला, की टाच खचली असे मानतात. बुटांआधी नालेखाली पाचरीचे पॅड लावून टाच उचलली होती. त्यामुळे पायामागच्या खोल स्नायूबंधावरील ताण कमी होतो आणि घोडी मोकळी चालू लागली होती, हे खरे. मात्र उचललेल्या टाचेवर भारही जास्त पडतो आणि आधीच दुबळे असलेले शिंगासारखे आवरण त्याखाली आणखी दबते. नाल काढल्यावर दर वेळी टाच पूर्वीपेक्षा बसलेली दिसे. शेवटी पशुवैद्यांनी एक्स-रे पाहिला, त्यांच्या सल्ल्याने नालबंदाने टोक कानशीने मागे घेतले आणि घोडी नालेवाचून बुटांवर आली.

सोबतचे फोमचे पॅड मला सुरुवातीला बिल वाढवण्याची युक्ती वाटले होते. आता मत नेमके उलटे झाले आहे; माझ्या दृष्टीने बूट हा पॅड जागेवर धरण्यापुरताच आहे. मऊ पॅडमुळे तळव्यातील ‘फ्रॉग’ या त्रिकोणी गादीवर आणि खुराच्या मागच्या भागावर भार येतो, दुखत नसल्यामुळे घोडी टोकाऐवजी टाच आधी टेकवते आणि वापरात आल्यामुळे तोच भाग हळूहळू भरू लागतो. आमच्या घोडीचा अरुंद, खोल चिरेचा फ्रॉग आता रुंदावला आहे. केसांच्या रेषेखाली उतरणारे नवे खूर जुन्यापेक्षा उभ्या कोनात येत आहे आणि दोहोंमधला सांधा बाजूने पाहिल्यास सहज ओळखू येतो. खूर महिन्याला जेमतेम 6 ते 9 मिलिमीटर वाढते आणि टोकाची भिंत पूर्ण नवी व्हायला वर्षभर लागू शकते, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत निकाल मागू नये. बुटाचे माप खूर तासल्यावर लगेच घ्यावे. रात्री बूट काढलेच पाहिजेत, नाही तर आतल्या ओलाव्याने फ्रॉग कुजून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येतो.

इतक्या विचारपूर्वक केलेल्या वस्तूचा पट्टा मात्र कोणी विचार न करता जोडलेला दिसतो. वेल्क्रोच्या आकड्यांत गवताच्या काड्या आणि वाळलेला चिखल अडकतो. तो दाभणाने एकेक करून काढेपर्यंत पकड येत नाही, आणि पकड सैल झाली की बूट वळून टाचेच्या मऊ फुगीर भागावर घासतो. म्हणजे ज्या टाचेसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच ओरखडे. शिवणही एकेरी आहे, आणि तीसुद्धा नेमकी सर्वाधिक ओढ बसते तिथे.

खोगीर शिवणाऱ्या कारागिराकडून मेणदोऱ्याची दुहेरी शिवण घालून घेतली, कडेला चामड्याचा तुकडा लावला आणि चिखलातून दौडतानाही तो पट्टा हललेला नाही. उजव्याचा पट्टा अजून मूळचाच आहे. तोही उसवण्याची वाट न पाहता शिवायला दिला आहे. पॅड आणि तळासाठी ही जोडी पुन्हा घेईन, पण सुटे पट्टे विकणारा विक्रेता सापडला तरच.