स्विफ्टचं अलाइनमेंट: रविवारच्या ऑटोक्रॉससाठी की रोजच्या रस्त्यासाठी?

रोज ऑफिसला जाणारी स्विफ्ट महिन्यातून एखाद्या रविवारी डांबरी मैदानात शंकूंमधून घड्याळ लावून पळवायची आहे, म्हणजेच ऑटोक्रॉस. मग चाकं कशी लावून घ्यायची, म्हणजे त्यांचे कोन (अलाइनमेंट) कुठे ठेवायचे? कंपनीच्या आकड्यांवर, पूर्ण ऑटोक्रॉसची, की मधलं काहीतरी? (मातीवरच्या ऑटोक्रॉसचं गणित वेगळं.)

मूळ सेटिंगमध्ये पुढचा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा उभा कल; वरची बाजू आत झुकली की उणे) शून्याच्या आसपास असतो. टायर सपाट झिजतात, ब्रेक सरळ लागतो, एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग शांत राहतं. अडचण येते ती वळणात. गाडी बाहेर कलते, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं, आणि मॅकफर्सन स्ट्रट (स्विफ्टचं पुढचं सस्पेन्शन) हा कल फारसा भरून काढत नाही. सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो, टायर किंचाळतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते.

म्हणून ऑटोक्रॉसवाले उणे २ ते ३ अंश कॅम्बर आणि पुढे एकूण दोन-तीन मिलिमीटर टो-आउट घेतात (टो म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं; बाहेर वळली की टो-आउट). स्टिअरिंग हलवलं न हलवलं तोच नाक आत शिरतं. मजा खरीच. पण सोमवारी तीच गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीमागे धावते आणि पावसात सरळ जातानाही सारखी सावरावी लागते.

टायर खातो कोण? सगळे कॅम्बरला दोष देतात, पण खरा खादाड टो. हिशोब करा: १८५/६५ आर१५ टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. टायरच्या कडेला मोजून एकूण २ मिलिमीटर टो-आउट असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दर ६२० मिलिमीटरमागे १ मिलिमीटर. म्हणजे किलोमीटरभर सरळ गेलं तरी प्रत्येक पुढचा टायर दीड मीटरहून जास्त आडवा घासतो. दहा हजार किलोमीटरला सोळा किलोमीटर! कॅम्बर टायरला कलता ठेवतो, असा फरफटवत नाही. दोन्ही एकत्र आले की आतली कड आधी जाते. माझी जोडी अशीच गेली. स्पर्धेनंतर टो परत घ्यायचा आळस केला. बाहेरून टायर नवे दिसत होते, आतून तारा निघाल्या.

तेव्हा माझा कौल मधल्या वाटेला: कॅम्बर कायमचा उणे १.५ च्या आसपास, टो शून्य. स्विफ्टमध्ये मुळात फक्त पुढचा टो फिरतो, त्यामुळे स्ट्रटच्या खालच्या जोडणीत एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाकाचा कल बदलतो) टाकावा लागेल. तो टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) आवळून घ्या, नाहीतर एखाद्या खड्ड्यात सरकतो. आणि कॅम्बर आधी, टो नंतर, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. उणे २ च्या पुढे जायचं तर स्ट्रटच्या वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट (ते टोक आत सरकवणाऱ्या) लागतात, त्यांचा खडखडाट रोज ऐकायची तयारी हवी.

स्पर्धेच्या सकाळी टो-आउट हवाच असेल तर टाय रॉडवर (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) रंगाने खुणा करून दोन्हीकडे सारखं फिरवा. पाव फेराही पुष्कळ होतो. घरी निघण्याआधी खुणेवर परत.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, तिथे काही फिरत नाही. शिम (पातळ चकत्या) घालून टो-आउट देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ओल्या घाटात मागची बाजू सुटली की सावरायला जागा नसते. गाडी मागून फिरायला हवी असेल तर त्या दिवसापुरती मागच्या टायरची हवा कमी-जास्त करून बघा.

दुकानात मशीनवर आकडे हिरवे (म्हणजे कंपनीच्या मर्यादेत) दिसले की अलाइनमेंटवाल्याच्या दृष्टीने काम संपलं. त्याला हवे ते आकडे कागदावर लिहून द्या, टायरमधली हवा आधी तपासा, ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसा आणि शेवटी प्रिंट मागून घ्या.

वर्षाला दोनच स्पर्धा करणार असाल तर मूळ आकड्यांना हात लावू नका, ते पैसे चांगल्या टायरवर घाला. गाडी ट्रेलरवर नेणाऱ्यांनी मात्र उणे ३ खुशाल करावं.