एजचं 'एडिट इमेज': एक अख्खं शाळा-वर्ष वापरल्यावर

जून 2024 मध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून एप्रिल 2025 पर्यंत मी मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमधलं 'एडिट इमेज' जवळजवळ रोज वापरलं. मी सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नवीन काही टाकायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो ज्या सरांना माहीत होता त्यांची बदली झाली. त्यामुळे विंडोजबरोबर जे आलंय त्यावरच आमचा संसार.

वापरणं सोपं. वेबपानावरच्या चित्रावर राइट क्लिक, 'एडिट इमेज', की ब्राउझरमध्येच खिडकी उघडायची. क्रॉप, अ‍ॅडजस्टमेंट, फिल्टर, मार्कअप असे चार कप्पे. विंडोजच्या 'फोटोज'मध्येही हे सगळं आहे, मान्य. पण तिथं आधी चित्र उतरवा, मग डाउनलोडच्या ढिगाऱ्यात ते शोधा, मग उघडा. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता वर्कशीट करणाऱ्याला एवढाही फेरा जड जातो.

मला याचा खरा उपयोग झाला तो झेरॉक्ससाठी. माझी वर्कशीट काळी-पांढरी निघते, कारण साठ रंगीत प्रती काढायला पैसे कोण देणार? पहिल्याच महिन्यात टोपली कारवीचं चित्र घेतलं. साधारण सात वर्षांतून एकदा फुलणारी, कास पठारावरची. पडद्यावर जांभळी फुलं हिरव्या पानांत अशी उठून दिसत होती की मीच खूश. झेरॉक्स वाटल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फूल कुठंय? सगळी पानंच दिसतायत." बघितलं तर खरंच. तो जांभळा आणि तो हिरवा, दोन्ही करडे झाल्यावर एकाच छटेचे. रंग वेगळे असले तरी उजळपणा सारखा असेल तर झेरॉक्सला ते एकच.

त्यानंतर माझी एक सवय पडली. चित्र उघडलं की आधी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, शून्याला न्यायचं आणि बघायचं, काय उरतंय. मग कॉन्ट्रास्ट वाढव, हायलाइट (उजळ भाग) थोडे चढव, शॅडो (गडद भाग) खाली ओढ. कारवीला वॉर्म्थ आणि टिंट हलवूनही फरक पडायचा, कारण रंगच सरकला की त्याचा करडा बदलतो; मात्र त्यासाठी सॅच्युरेशन परत आणून आधी रंग हलवायचा आणि मग ते काढायचं. सीतेची आसवं, तेरडा, गेंद, कासच्या या सगळ्या रानफुलांवर हे प्रयोग झाले. गेंद सगळ्यात शहाणा: पांढरे गोंडे, गडद पार्श्वभूमी, काही करावं लागत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं उपग्रहचित्र मात्र हट्टी. पाणी आणि जंगल दोन्ही काळपट, त्यामुळे शॅडो पार उचलल्याशिवाय काठच कळत नव्हता. तयार फिल्टर मी दोनदा लावून बघितले आणि सोडून दिले. व्हिनेट कशाला दिलंय ते मला वर्षभरात समजलं नाही. कडा काळ्या करून झेरॉक्सवाल्याची शाई संपवायला असेल.

मार्कअपला मी नापास करते. पेन होतं, हायलायटर होता, पण अक्षरं टाइप करायची सोय नव्हती. माउसने 'पुंकेसर' लिहून बघा एकदा, उकारापर्यंत पोचताना पेन पानाबाहेर जातं. शेवटी नावं वर्डमध्ये टेक्स्ट बॉक्स टाकून लिहायची, असं ठरून गेलं.

आता तक्रार, आणि ही निम्मी माझ्यावरच आहे. हे साधन समोर दिसतंय तेच चित्र उचलायचं. विकिपीडियाच्या लेखात किंवा शोधाच्या निकालात जे दिसतं ती बहुधा छोटी प्रत असते, दोन-अडीचशे पिक्सेल रुंदीची. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने ए4 कागदाची रुंदी भरायला 2480 पिक्सेल हवेत, आणि अडीचशे पिक्सेलचं चित्र जेमतेम दोन सेंटिमीटरला पुरतं. मी तेच ताणून अर्धं पान केलं होतं. कोयना धरणाची भिंत विटांच्या ढिगासारखी दिसत होती. म्हणून आधी चित्रावर क्लिक करून विकिमीडिया कॉमन्सच्या, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रभांडाराच्या, पानावर जायचं, तिथून मूळ फाइल उघडायची आणि मग राइट क्लिक. दोन क्लिक जास्त, पण त्यात सगळा फरक आहे. 'एडिट इमेज' यातलं काहीच सांगायचं नाही. मागाल ते निमूट उघडून द्यायचं.

क्रॉपबद्दल एक कबुली. वार्षिक अंकासाठी कासच्या एका फोटोच्या कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव मी कापून टाकलं. मुद्दाम नाही, चौकट नीट बसवताना ते बाहेर गेलं आणि मला काही वाटलं नाही. अंक त्यांच्यापर्यंत पोचला, त्यांचा फोन आला. गृहस्थ चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मॅडम, तीन दिवस चिखलात पडून काढलाय तो." यावर काय बोलणार? शिकवताना शिक्षकाने एखादी कृती वापरली तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलत आहे, पण वार्षिक अंक म्हणजे काही तास नव्हे. तेव्हापासून शक्यतो कॉमन्सवरचीच चित्रं घेते, आणि खाली छायाचित्रकाराचं नाव, परवाना आणि 'कातरलेले, कृष्णधवल केलेले' असं लिहिते. तिथल्या बहुतेक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत नाव देणं आणि बदल केल्याचं सांगणं ही अटच आहे.

जून 2025 मध्ये सुट्टीनंतर शाळेत आले, पहिल्याच दिवशी राइट क्लिक केलं, तर ती ओळच नाही. मला वाटलं, कुणीतरी सेटिंगमध्ये हात घातला. तसं नव्हतं. ब्राउझर आपोआप अपडेट झाला होता आणि 137 व्या आवृत्तीपासून कंपनीने हे साधन काढूनच टाकलंय. फुकटच्या गोष्टीवर रागावता येत नाही म्हणतात. मी आठवडाभर रागावले होते.

सध्या दोन गोष्टींवर भागवते. कंट्रोल-शिफ्ट-एस दाबून एजचा स्क्रीनशॉट. तो आहे अजून, त्यात पेनही आहे, पण पडद्यावर जेवढे पिक्सेल तेवढेच मिळतात, आणि आमचा मॉनिटर जुना. दुसरी युक्ती माझ्या भाच्याने दाखवली. एफ12 दाबलं की पानाचा कोड उघडतो; त्यात चित्राचा कोड निवडायचा आणि स्टाइलमध्ये इंग्रजीत 'filter'पुढे 'grayscale(1)' लिहायचं. चित्र जागेवरच काळं-पांढरं होतं. तिथंच 'कॉन्ट्रास्ट'चा आकडा कमी-जास्त करून बघता येतं. क्रोम, फायरफॉक्स, कुठंही चालतं. पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत, आणि साधं सेव्ह केलं तर मूळ रंगीत चित्रच उतरतं. म्हणून त्या कोडवरच राइट क्लिक करून 'कॅप्चर नोड स्क्रीनशॉट' घ्यावा लागतो. सहकाऱ्यांना शिकवायला गेले तर कोड बघूनच दोघे चहाला उठले.

चित्रातले भाग दाखवणारे बाण मात्र आता मी प्रिंट निघाल्यावर पट्टी-पेनाने काढते आणि मग तो कागद झेरॉक्सला देते.