आय-सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक्स: कोटेशन एक, माल भलताच

खान्देशात कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायला निघालात की बहुतेक काउंटरवर एकाच साच्यातलं कोटेशन हातात पडतं. आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, दोन टीबी हार्ड डिस्क, वर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. आकडा चाळीस हजारांच्या आत. वाचून बरं वाटतं. यातली निम्मी फसवणूक खोटं न बोलता होते, कारण कुठल्याच वस्तूचं पूर्ण नाव लिहिलेलं नसतं. उरलेली निम्मी सरळ खोटी असते. मला दोन्ही प्रकार एकाच डब्यात मिळाले.

अमळनेर तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूट, अल्बम, व्हिडिओ मिक्सिंग. नवीन कॅमेरा फोरके फुटेज एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धतीत देतो, ते जुन्या मशीनवर टाइमलाइनला टाकलं की चित्र अडकत अडकत चालायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तिथीची लग्नं तोंडावर होती, हातात चाळीस हजार होते. जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. काय हवं ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं: ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, चार जीबी, नवीन. उत्तर आलं, “हो दादा, नवीनच. सील पॅक.” हा मेसेज पुढे फार उपयोगी पडला.

आधी प्रोसेसरचं. आय-सेव्हन हे नाव इंटेल २००८ पासून वापरते आहे. नुसतं ‘आय-सेव्हन’ म्हणणं म्हणजे मोटारसायकल विकताना स्प्लेंडर सांगायचं आणि साल सांगायचं नाही. माझ्या मशीनमध्ये निघाला आय७-३७७०. तो २०१२ सालचा, म्हणजे इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा. चार कोर, म्हणजे काम करणारे चार मेंदू, आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या आठ रांगा. कंपन्यांची जुनी ऑफिस मशीन भंगारात निघतात, त्यांतून असले प्रोसेसर सुटे होऊन बाजारात येतात. २०२२ साली आलेल्या आय३-१२१०० मध्येही चारच कोर आणि आठच थ्रेड आहेत, पण तो याला कितीतरी मागे टाकतो. गिऱ्हाईक मात्र ‘थ्री’ ऐकून नाक मुरडतं आणि ‘सेव्हन’ ऐकून पैसे काढतं. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं.

माझ्या कामाला तर हा प्रोसेसर चालणारच नव्हता. मी व्हिडिओ मिक्सिंग करतो त्या प्रीमियर प्रो सॉफ्टवेअरची किमान अटच इंटेलच्या सहाव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. माझ्या मशीनवर विंडोज ११ दिसत होतं खरं, पण ते तपासणी चुकवून घातलेलं होतं. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज १० वर परतावं तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला.

मदरबोर्ड मात्र खरंच नवा होता! खोका कोरा, आत वॉरंटी कार्ड. इथे खूप जण गप्प होतात, कारण नवा आहे हे डोळ्यांना दिसतं. पण त्याच्यावरचा चिपसेट, म्हणजे बोर्डावर कोणता प्रोसेसर आणि किती रॅम चालेल हे ठरवणारी चिप, एच६१, म्हणजे २०११ चा. या जुन्या चिपसेटवर आजही नवे बोर्ड बनतात, ते भंगारातल्या प्रोसेसरना गिऱ्हाईक मिळावं म्हणूनच. त्यावर डीडीआर३ ही जुन्या पिढीची रॅम बसते आणि तीही १६ जीबीपर्यंतच. “पुढे रॅम वाढवता येईल ना?” असं मी विचारलं होतं. “कितीही वाढवा ना भाऊ, आपण आहोत.” एच६१ वर सोळाच्या पुढे जायची सोयच नाही. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे डीडीआर३ चा हा जुना माल आता आणखी जोरात खपवला जाणार, हेही लक्षात असू द्या.

खरी चोरी ग्राफिक्स कार्डात होती. मशीन घरी आणलं, फुटेज टाकलं, तर जुन्यासारखंच अडकतंय. फोन केला तर म्हणे, “फाइलच जड असेल.” मग एक वाक्य बोलला, जे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं: “फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करू नका, वॉरंटी जाईल.” ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, ते अपडेट केल्याने वॉरंटी जाते हे मी कधी ऐकलं नव्हतं. भुसावळला माझा मावसभाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. “दादा, कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो टाक.”

फोटो पाहून त्याने आधी निळ्या पोर्टवर बोट ठेवलं. १५ पिनांचं व्हीजीए, जुन्या मॉनिटरचं. १०५० टीआयची चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीने जीटीएक्स १० मालिकेच्या चिपमधून अ‍ॅनालॉग आउटपुट काढूनच टाकलंय. १०५० टीआयवर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, डीव्हीआय-डी असतात. व्हीजीए पोर्ट दिसलं की शंका घ्यायलाच हवी. मग त्याने ग्राफिक्स कार्ड तपासणारं जीपीयू-झेड टाकायला लावलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आकारानेही लहान. २०१८ पासून ते खोटी एनव्हीडिया कार्डं ओळखतं आणि नावाच्या आधी कंसात ‘फेक’ असा शब्द दाखवतं. माझ्या स्क्रीनवर तो शब्द आला.

हे कसं करतात ते समजून घ्या, म्हणजे पुढचा दुकानदार काय सांगेल ते ओळखता येईल. प्रत्येक कार्डावर बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. कार्ड विंडोजला आपलं नाव त्यातूनच सांगतं. २०१० च्या आसपासची जीटीएस ४५० सारखी कार्डं घ्यायची, पंखा नवा लावायचा, नवं स्टिकर चिकटवायचं आणि बायोस बदलून त्याच्याकडून ‘मी १०५० टीआय, चार जीबी’ असं वदवून घ्यायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तेच नाव दिसतं, दुकानात तेवढंच दाखवतात. आत मात्र १९२ कोर असतात. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८. एच.२६५ फुटेज उलगडण्याची हार्डवेअर सोय खऱ्या कार्डात आहे, या जुन्या चिपमध्ये नाही. म्हणून माझं फुटेज अडकत होतं, आणि फाइल जड असल्याचं ऐकवलं जात होतं. ड्रायव्हरची भीतीही इथलीच. एनव्हीडियाचा खरा ड्रायव्हर टाकला की तो आतली चिप ओळखायला बघतो आणि स्क्रीन काळी होते. त्यांनी दिलेला जुना, फेरफार केलेला ड्रायव्हर आहे तोवरच हे सोंग टिकतं. जो दुकानदार ड्रायव्हर अपडेट करू नका म्हणतो, त्याच्यासमोरच एनव्हीडियाच्या साइटवरून त्या मॉडेलसाठीचा ड्रायव्हर उतरवून टाकून बघा. खरं कार्ड असेल तर काहीही बिघडत नाही.

हार्ड डिस्कची गोष्ट लहान आहे. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं तर चालू असल्याचे तास तीस हजारांच्या पुढे. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे ती साडेतीन वर्षं अखंड फिरलेली. बहुधा कुठल्या तरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यातली. लोकांच्या लग्नाचं फुटेज अशा डिस्कवर ठेवायचं!

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेलं. त्याच स्टिकरवर बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्याच १२ व्होल्टवर चालतात, बाकीचा आकडा शोभेचा. आपल्याकडे विजेचा दाब कसा वरखाली होतो आणि मे महिन्यात पारा ४५ पर्यंत कसा जातो हे वेगळं सांगायला नको. एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका, ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा आणि नावाजलेल्या कंपनीचाच घ्या.

आता बिलाचं. घरी हा सगळा प्रकार सांगत होतो, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, “बिल शे का?” बिल होतं. जीएसटी लावला तर अठरा टक्के वाढतील असं सांगून कच्च्या चिठ्ठीवर भागवायचा बेत होता, पण मी पक्कं बिल मागून घेतलं होतं. त्यावर एकच ओळ: कॉम्प्युटर सेट, १ नग. प्रोसेसर कोणता, कार्ड कोणतं, सिरियल नंबर काय, काही नाही. दुकानात परत गेलो तर मालकाने तीच ओळ माझ्यापुढे धरली. “बिलात १०५० कुठे लिहिलंय दाखवा.” मी व्हॉट्सअ‍ॅप उघडून दाखवलं. तेव्हा सूर बदलला. “कार्ड आमच्याकडेही वरून तसंच आलं भाऊ, आमचीही फसवणूक झाली.” खरं असेलही. पण मग ड्रायव्हरबद्दलची सूचना त्याला कोणी दिली, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर कार्डाचे पैसे यूपीआयने परत आले. बाकीबद्दल म्हणणं असं की ‘जुना माल आहे हे तोंडी सांगितलं होतं’. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. आणखी एक गोष्ट तुमच्याही कामाची आहे. समोरून उत्तर आलं की हा धंद्यासाठी घेतलेला माल आहे, हा ग्राहकच नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी उपयोगाची खरेदी वगळली आहे हे खरं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी उपयोगात धरलेली नाही. एकट्याने स्टुडिओ चालवणारा, झेरॉक्सवाला, शिकवणी घेणारा, सगळे ग्राहक ठरू शकतात. दुकानदाराने ‘तुम्ही तर व्यावसायिक’ म्हणून दटावलं तर ऐकून घेऊ नका.

आता नवीन मशीन आहे ते इंटेल आय५-१२४०० वर. शेवटी ‘एफ’ नसलेला मुद्दाम घेतला, कारण ‘एफ’ असला की आतलं ग्राफिक्स बंद असतं. हे आतलं ग्राफिक्स एच.२६५ फुटेज स्वतःच उलगडतं, त्यामुळे वेगळ्या कार्डाचे पैसे तूर्त वाचले. बजेट आणखी कमी असेल तर रायझन ५ ५६००जी बघा, त्यातही ग्राफिक्स आहे. या वेळी दुकानदाराला आधीच सांगितलं होतं की प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर हवा. एकाने “एवढं कोणी लिहीत नाही” म्हणून हात झटकले, दुसऱ्याने लिहून दिलं. माल दुसऱ्याकडून घेतला आणि खोके त्याच्या काउंटरवरच उघडले.

तुमच्याकडे १०५० टीआय म्हणून घेतलेलं कार्ड असेल तर मागची बाजू एकदा बघून घ्या. निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर जीपीयू-झेड लावा, स्क्रीनचा फोटो काढा आणि दुकानदाराशी झालेले मेसेज पुसू नका. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे.