ट्वेंटी ट्वेंटी-फोर थीम: मराठी मजकुराला किती रुंदी?

अहिराणी म्हणी, भरताची कृती, रावेर-यावलच्या केळीची माहिती, असं लांब लिहिणाऱ्या खान्देशी ब्लॉगसाठी वर्डप्रेसची ट्वेंटी ट्वेंटी-फोर ही मोफत थीम (साइटच्या मांडणीचा तयार साचा) उत्तम आहे. मजकुराची मूळ रुंदी ६२० पिक्सेल, 'वाइड' म्हणजे रुंद ठेवलेल्या भागाची १२८०. ६२० बदलू नका. अक्षर १९ पिक्सेल ठेवलंत तर ओळीत दहा-तेरा शब्द बसतात, डोळा पुढची ओळ चुकत नाही. ८०० केलीत की परिच्छेद वाचवत नाही. रुंदीची ही सेटिंग साइट एडिटरच्या स्टाइल्समधल्या लेआउटमध्ये आहे. ओळींचं अंतर मात्र १.७ करा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

थीममध्ये साइडबार (लेखाशेजारचा अरुंद स्तंभ) असलेलं टेम्पलेट आहे, पण लेखाला एकच स्तंभ बरा. वाचक बहुतेक मोबाइलवर, तिथे साइडबार लेखाच्या तळाशी जातो.

मजकूर शेजारी-शेजारी मांडणाऱ्या कॉलम ब्लॉकचे स्तंभ स्क्रीन ७८२ पिक्सेलपेक्षा अरुंद असली की एकाखाली एक होतात. दोन फोटोंना चालतं. केळीच्या भावाचा तक्ता कॉलममध्ये मांडलात तर तारखा एकीकडे, भाव भलतीकडे. त्यासाठी टेबल ब्लॉकच घ्या, रकाने चारच्या आत. 'शेंगदाण्याची' असा शब्द अरुंद रकान्यात मधेच तुटतो, म्हणून मथळे छोटे ठेवा.