बांधावर महोगनी की महारुख? आधी आपला तालुका बघा

नाशिक जिल्ह्यात बांधावर झाडं लावायचा विषय निघाला की हल्ली पहिलं नाव येतं महोगनीचं. ‘बारा वर्षांत लाखो रुपये’ असा हिशेब कुणीतरी कागदावर मांडून देतं आणि शेतकरी रोपांची ऑर्डर देऊन मोकळा होतो. त्याच शिवारात महारुख उभा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. दोघांचंही बी वाऱ्यावर गरगरत खाली येतं, पण साम्य जवळपास तिथेच संपतं. माझं मत आधीच सांगतो. सिन्नर, येवला, चांदवड, नांदगावच्या कोरडवाहू बांधाला महारुखच लावावा. उन्हाळ्यातही ठिबकचं पाणी पोचतं अशा बांधावर महोगनी चालेल, तीसुद्धा मोजकी.

कारण पाणी. महोगनी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. चांगली वाढायला तिला साधारण हजार मिमीच्या वर पाऊस लागतो. इगतपुरीत त्याच्या कितीतरी पट पडतो, सिन्नरकडे मात्र पाचशे-सहाशेवरच भागवावं लागतं. तिथे झाड जगेलही, पण खोड भरणार नाही, आणि लाकडासाठीच लावायचं तर खोड भरायलाच हवं. महारुख कोरड्या मुलखातला गडी. राजस्थान-गुजरातेत त्याला अरडू म्हणतात आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पाल्यासाठी मुद्दाम शेतात राखतात. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे साचलेलं पाणी. गोदाकाठच्या चिबड काळ्या रानात तो लावू नका.

पैशाचं बोलायचं तर महोगनीच्या भावात थोडी गफलत आहे. जगात जे लाकूड सोन्यासारखं विकलं जातं ते जुन्या जंगलातल्या जाडजूड खोडांचं. ती जंगलं इतकी तुटली की २००३ पासून अमेरिका खंडातल्या रुंद पानांच्या महोगनीचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. आपल्या बांधावरचं बारा वर्षांचं झाड म्हणजे ते लाकूड नव्हे. कोवळ्या खोडात बाहेरचा फिकट, कच्चा भाग जास्त, आतला तांबूस गाभा थोडा. पंचवीस-तीस वर्षं थांबायची तयारी असेल तरच लावा. महारुखाचं लाकूड हलकं आणि मऊ. खोकी, आगकाड्या, प्लायवूड याला जातं. भाव साधाच, पण झाड झपाट्याने वाढतं आणि पाला मधल्या काळातही मिळत राहतो. दारात चार शेळ्या असतील तर हा हिशेब फार मोठा आहे.

महोगनी लावणाऱ्याने शेंडा पोखरणारी अळी ओळखायलाच हवी. कोवळा शेंडा अचानक मान टाकतो. जवळ जाऊन पाहिलं तर बारीक भोक दिसतं आणि त्यातून भुशासारखी विष्ठा बाहेर लोंबत असते. शेंडा मेला की खालून तीन-चार फुटवे निघतात आणि सरळ वाढणारं खोड कमरेएवढ्या उंचीवर दुभंगतं. तिथे लाकडाची किंमत गेली. भोकाच्या खाली निरोगी भाग लागेपर्यंत शेंडा कापायचा, कापलेला नष्ट करायचा आणि एकच जोमदार फुटवा ठेवायचा. पहिली काही वर्षं पावसाळ्यात आठवड्याला फेरी मारणं होणार नसेल तर महोगनीच्या नादी लागू नका. महारुखावरही पानं खाणाऱ्या अळ्या येतात, पण निरोगी झाड बहुधा पुन्हा पालवतं.

रोप घेताना बी दाखवायला सांगा. महोगनी म्हणून आफ्रिकन महोगनीही विकली जाते. ते झाड वेगळं. खऱ्या महोगनीच्या बीला एका बाजूला लांब तपकिरी पंख असतो आणि वरून सोडलं की ते भिंगरीसारखं फिरतं. आफ्रिकन महोगनीचं बी चपटं, भोवती अरुंद कडा असलेलं. महारुखाच्या फळाला दोन्ही टोकांना पंख, मध्ये बी, आणि पंखाला पीळ असतो.

द्राक्षबाग किंवा कांदा असेल तर दोन्हींपैकी काहीही दक्षिणेच्या बांधावर नको. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली थेट पिकावर पडते. उत्तरेचा बांध घ्या, मात्र पलीकडच्या शेजाऱ्याला आधी विचारा, सावली त्याच्या रानात जाणार आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे शेत असेल तर मी दोन्ही सोडून बिबळा सुचवेन. त्याच्याही चपट्या गोल शेंगेला पंख असतो, आणि तो तिथल्याच जंगलातला. फक्त १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तो आहे, म्हणजे तोडायच्या वेळी परवानगी लागेल हे धरून चाला.

महारुखाचं रोप विकत घ्यायचीही गरज नाही. उन्हाळ्याच्या शेवटी झाडाखाली पडलेली वाळकी फळं गोळा करा आणि त्याच हंगामात पिशव्यांत लावा. बी ठेवून दिलं की उगवण झपाट्याने घटते.